हुंकारी

पुतण्या धनैया जबलपूरहून परत आला हे समारूला कळलं ते त्याच्या आईच्या, रमोतीनवहिनीच्या निरोपातून. पाणी भरायला आलेल्या बायकांजवळ तिनं सांगून पाठवलं होतं, की उद्या साजाच्या झाडाखाली बडादेवाला कोंबडं आहे, बाना पुसून आणावा. एवढाच निरोप. बाना कुणाला द्यायचा आणि का द्यायचा, हे सांगायचं कारण नव्हतं. थोरल्या भावाला, गेंदलालदादाला, मातीत ठेवला त्याच दिवशी दादाच्या अंगणात ठरलं होतं, की पोरगा शहरातून परतेपर्यंत बाना समारूच्या खुंटीला राहील.

परतेपर्यंत. हा शब्द समारूनं तेव्हा ऐकला होता, पण त्याचं वजन त्याला आज कळलं.

त्याच सकाळी त्यानं बाना, गजानं वाजवायचं ते तीन तारांचं देवाचं वाद्य, खाली घेतला. धोतराच्या सोग्यानं पोटावरचं कातडं पुसलं, मान पुसली, तिन्ही खुंट्या पुसल्या. मग परत एकदा पुसलं. बायको लमिया उन्हात बसून कुटकी पाखडत होती. ती सुपावरून मान वर न करता म्हणाली, "लेकीला सासरी पाठवतानासुद्धा एवढी वेणीफणी केली नव्हती तुम्ही."

लमियानं बान्याला पहिल्यापासून सवतच म्हटलं होतं. आधी रागानं म्हणायची, मग सवयीनं.

खरं तर समारूचा आणि बान्याचा संबंध तसा उशिराचा. आख्खा जन्म तो बान्याच्या समोर बसला होता, मागे कधी बसला नव्हता. गोंडांच्या कथा गाणाऱ्या प्रधानांच्या घरात बाना थोरल्याच्या मांडीवर असतो. गेंदलालदादा वाजवायचा आणि गायचा, समारू हुंकारी द्यायचा. गाणारा एक ओळ टाकून थांबतो, हुंकारी देणाऱ्यानं "हं" म्हटलं की कथा पुढचं पाऊल टाकते. हुंकारी नसली तर कथा तिथंच उभी राहते, बैल नसलेल्या गाडीसारखी. मंगतेरीला निघालं, गोंड ठाकुरांच्या गावोगाव फिरून त्यांच्या कुळाच्या कथा गायल्या, की ठाकूर धान्य द्यायचे, लुगडं द्यायचे, कधी वासरू द्यायचे. ते सगळं दादाच्या नावानं यायचं, आणि त्यात समारूला कधी वावगं वाटलं नव्हतं. तो "हं" म्हणत म्हातारा व्हायला आला होता. सगळ्या कथा त्याला पाठ होत्या, पण अशा, की जणू भिंतीपलीकडून ऐकलेल्या.

दादा गेल्यावरच्या पहिल्या पावसाळ्यात उंदरानं बान्याच्या तारा कुरतडल्या. बान्याची तार घोड्याच्या केसांची, उंदराला ती गोड लागते. देव घरात मुका टांगून ठेवता येत नाही, म्हणून समारूनं नव्या तारा चढवायचं ठरवलं. तार चढवली की सुरात आणावी लागते, सुरात आणायला गज ओढावा लागतो, आणि गज तर नव्हता. दादाचा गज दादाबरोबर मातीत गेला होता. रीतच तशी आहे. बाना देवाचा, तो घरात राहतो. गज माणसाचा, तो माणसाबरोबर जातो. ज्याला वाजवायचं त्यानं आपला गज आपण करायचा.

घोडी आता बघायला मिळते ती लग्नातच. समारू बाजारच्या गावी जाऊन नवरदेवाची घोडी भाड्यानं देणाऱ्याला भेटला आणि शेपटीचे चार केस मागितले. तो म्हणाला, मला काय विचारतोस, तिला विचार. समारूनं विचारलं. घोडीनं मांडीवर लाथ दिली. तो लंगडत घरी आला, पण मुठीत केस होते. त्यानं बान्याला तारा चढवल्या, तेंदूची फांदी वाकवून गज केला, सरईच्या झाडाची राळ लावली आणि गोठ्यामागे बसून पहिल्यांदा तारेवर ओढला.

जो आवाज निघाला तो ऐकून म्हैस दावं तोडायला लागली. ही गोष्ट चुलतभाऊ चैतू अजून सांगतो.

दादाचा गळा उंच होता, बाना त्या उंचीवर लावलेला असायचा. समारूचा गळा जाड. त्यानं खुंट्या ढिल्या करत करत तारा खाली आणल्या आणि एका जागी बाना असा बोलला, जसा मडक्यात भुंगा शिरावा. समारूनं गज थांबवला. पुन्हा ओढला. तोच आवाज. तो आवाज त्याच्या छातीत होता तसाच होता, फक्त आजवर बाहेर कुठं ऐकू आला नव्हता. त्या संध्याकाळी लमिया दोनदा जेवायला बोलावून गेली आणि पेज निवून गेली.

त्यानंतर बान्याच्या खोड्या त्याला एकेक कळत गेल्या. मधली तार पावसात रुसते, तिला चुलीजवळ बसवावं लागतं. पोटाला एक जुनी चीर आहे, लाखेनं भरलेली, ती कडक उन्हात बारीक चिरचिरते. मानेच्या मागे, अंगठा टेकतो तिथं, लाकूड झिजून खळगा झाला होता. तो दादाच्या अंगठ्याचा. समारूचा अंगठा आखूड, तो खळग्यात बसायचा नाही, खाली टेकायचा. दोन पावसाळे गेले तशी तिथं, खळग्याच्या खाली, लाकडाला जरा चमक यायला लागली होती. दुसऱ्या कुणाला ती दिसली नसती. समारू रोज बघायचा.

चैतू आला तेव्हा समारू तीच जागा बोटानं चाचपत होता. चैतू म्हणजे मंगतेरीला धान्याची पोती वाहणारा आणि वाटणीला सगळ्यात पुढे बसणारा. तो आल्याआल्या लमियाला म्हणाला, वहिनी, चहा कर, आज घरात मयत असल्यासारखं का बसलाय तुम्ही. मग समारूजवळ उकिडवा बसला आणि आवाज खाली आणून बोलायला लागला. त्याचं म्हणणं असं, की पोरगं आहे शहरातलं, पंखे दुरुस्त करणारं. ते ठाकुरांपुढे काय गाणार? एकदा हसं झालं की ठाकूर दार लावून घेतील आणि मग सगळ्यांच्याच पोटावर पाय. गेल्या साली हुंकारी द्यायला कुणी नव्हतं म्हणून समारूनं ठाकुरांकडे न गाता नुसता बाना वाजवला, तरी बिलासरचे ठाकूर त्याला म्हणाले होते, तुझा बाना ऐकून माझा बाप आठवला. हे काय उगीच म्हणाले?

"मग मी काय करू म्हणतोस?"

"काही करू नको. सांग, कातडं फाटलंय. नवं चढवायचं, वाळवायचं, पुजायचं, यंदाची मंगतेरी निघून जाते. पोरगं काय वर्षभर थांबतंय? जाईल परत पंखे फिरवायला."

समारूनं बान्याच्या पोटाकडे पाहिलं. कातडं जुनं होतं. कडेला, जिथं ते लाकडावर ताणलेलं असतं तिथं, इतकं पातळ झालं होतं, की नखानं जरा दाबलं असतं तरी पुरलं असतं. खोटंसुद्धा बोलावं लागलं नसतं. त्याचं नख तिथं टेकलंही. मग त्यानं हात उचलला आणि सोग्यात पुसला.

"चहा पी," तो चैतूला म्हणाला.

चैतू गेल्यावर लमिया म्हणाली, "फाडायचा होता की. मलाही झोप लागली असती." पण ती हे म्हणताना बान्याकडे नाही, नवऱ्याच्या हाताकडे बघत होती.

दुपार व्हायच्या आत धनैया स्वतःच आला. समारूला वाटलं होतं शहराचं वारं लागलेलं पोरगं येईल. पण आला तो दादाच होता, वीस वर्षांपूर्वीचा. तेच लांब हात, तशीच खाली मान घालून चालण्याची ढब. तो काकाच्या पाया पडला, काकूच्या पाया पडला, आणि बाना भिंतीला टेकून ठेवलेला होता त्याच्यापुढेही वाकला. हात मात्र लावला नाही. समारूनं ते बघितलं. हावरेपणा केला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं.

लमियानं त्याला पेज दिली. पोरगं दोन वाट्या प्यालं आणि हळूहळू मोकळं झालं. शहरात मन लागत नाही असं काही त्यानं सांगितलं नाही. मन लागतं म्हणाला, सिनेमा आहे, वीज आहे. गोष्ट वेगळीच होती. पाटनटोल्याच्या इतवारूची मुलगी त्याला पसंत होती, मुलीलाही हा पसंत होता. पण इतवारूनं तोंडावर विचारलं, बाना कुठं आहे तुझा? बाना नसलेला प्रधान म्हणजे नांगर नसलेला कुणबी. तुझे ठाकूर कोण, त्यांच्या कुळात कोण जन्मलं, कोण मेलं, हे तुला ठाऊक नाही, मग माझी मुलगी उद्या सांगणार काय, की कोणाच्या घरची?

"बरोबर विचारलं," लमिया म्हणाली.

"बरोबरच आहे, काकू. म्हणून तर आलो." मग तो समारूकडे वळला. "काका, मला पहिल्या दोन कथा येतात. बाबांच्या ऐकून ऐकून. पुढच्या तुम्ही शिकवाल. आणि तुम्ही मला हुंकारी द्याल ना? बाबांना देत होतात तशी?"

पोरानं हे इतक्या सरळ मनानं विचारलं, की त्यात काही दुखण्यासारखं आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. समारूनं चुलीतलं लाकूड आत सारलं. आत सारण्यासारखं ते नव्हतं, विस्तव विझलेला होता.

"उद्या बघू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साजाखाली घरची माणसं जमली. थंडी होती, उन्हाच्या पट्ट्यात सगळे दाटून बसले. बिरजाआत्या, समारूच्या बापाची बहीण, मधोमध कांबळं पांघरून बसली होती. घराण्यात तिच्याएवढं थोरलं आता कुणी उरलं नव्हतं, आणि तिचा शब्द मोडायची रीत नव्हती, मग तो पटो न पटो. कोंबडं झालं, मोहाची दारू झाडाच्या मुळाशी ओतली, उरलेली द्रोणांतून फिरली. बाना घोंगडीवर ठेवला होता. समारूचा गज त्याच्या कमरेला खोवलेला होता.

आत्यानं विषय काढायच्या आधीच चैतूनं सुरुवात केली. त्यानं ठाकुरांचं मन, पोराचं वय, घराण्याची अब्रू असं सगळं फिरवून फिरवून सांगितलं आणि शेवटी म्हणाला, की बाना सध्या जिथं आहे तिथंच बरा. पोरानं आधी शिकावं. आत्यानं मान हलवली. तिलाही ते पटल्यासारखं दिसलं. ती म्हणाली, समारू मंगतेरीला गेला, ठाकुरांनी त्याला घरात घेतलं, हे लहान काम नाही. दोन-तीन माणसांनी हं-हं केलं. समारू खाली बघत होता, पण त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

रमोतीनवहिनी बायकांच्या रांगेत बसली होती. ती उभी राहिली. नवरा गेल्यापासून ती चारचौघांत फारसं बोलली नव्हती.

"ज्यानं जन्मभर हं म्हटलं त्याला आता गायची हौस आलीय," ती म्हणाली. "येऊ दे. हौसेला मोल नाही. पण ती माझ्या पोराच्या बान्यावर का?"

लमिया ताडकन म्हणाली, "जाऊबाई, उंदरानं खाल्ला तेव्हा कुणाचा होता? तेव्हा नाही आलात विचारायला."

"माझ्या घराचं छप्पर गळत होतं तेव्हा. तुला माहीत आहे."

"आणि ह्यांनी घोडीची लाथ खाल्ली ते कुणाला माहीत आहे?"

मागून कुणीतरी हसलं. समारूला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. दोन वर्षं सवत सवत म्हणणारी बायको आज सवतीच्या बाजूनं भांडत होती.

आत्यानं काठी आपटली. ती म्हणाली, तोंडं पुरे झाली, आता बान्यालाच विचारू. दोघांनी वाजवावं.

आधी समारूनं घेतला. मांडीवर घेतल्याबरोबर बाना नेहमीच्या जागी बसला, लाखेची चीर पोटाशी, मान खांद्याशी. त्यानं गज काढला, राळ लावली आणि ओढला. भुंगा मडक्यात शिरला. थंडीत कातडं ताणलेलं होतं, आवाज कधी नव्हे इतका स्वच्छ आला. समारू गायला नाही, नुसतं वाजवलं. झाल्यावर चैतूनं विजयानं इकडेतिकडे पाहिलं. आत्या डोळे मिटून बसली होती. आणि समारूनं, स्वतःशीच, मान्य केलं, की याच्याइतकं आपलं जगात काही नाही, ना जमीन, ना म्हैस.

मग त्यानं बाना धनैयाकडे दिला.

पोरानं मांडी घातली, बाना घेतला आणि गज शोधत हात पुढे केला. हात तसाच राहिला. त्याच्याकडे गज नव्हता. करायचा असतो हे त्याला ठाऊकच नव्हतं.

चैतू म्हणाला, "झालं. गजाशिवाय कसला बाना?" आणि द्रोण तोंडाला लावला.

आता सगळे समारूच्या हाताकडे बघत होते. गज त्याचा होता. तो दुसऱ्याला द्यावा अशी कुठली रीत नव्हती, आणि नाही दिला तर कुणी नाव ठेवलं नसतं. लमियानं नवऱ्याकडे बघून मान अगदी थोडी, नाही अशी, हलवली.

समारूला पोराचा लांब हात दिसत होता. तो हात असाच पुढे आलेला त्यानं हजारदा पाहिला होता. दादा राळ मागायचा तेव्हा, पाणी मागायचा तेव्हा. त्यानं गज त्या हातात ठेवला.

धनैयानं आधी खुंट्या पिळायला सुरुवात केली. समारूचा जीव वर आला. तार तुटेल, हळू, असं तो म्हणणार होता, पण तारा तुटल्या नाहीत. त्या वर वर गेल्या, दादाच्या उंचीवर, आणि थांबल्या. पोरानं मान डाव्या हातात धरली. त्याचा अंगठा मागे सरकला आणि जुन्या खळग्यात बसला. असा बसला, की जणू तिथून कधी उठलाच नव्हता.

त्यानं गज ओढला आणि बाना बोलला.

पोराचा हात कच्चा होता. गज दोनदा घसरला, एकदा चिरकला. पण आवाज दादाचा होता, उंच आणि पातळ, डोंगरावरून हाक मारल्यासारखा. बायकांच्या रांगेत रमोतीनवहिनीनं पदर तोंडाला लावला. आत्या कांबळ्यातून बाहेर सरकली.

समारूला एका गोष्टीची आशा होती, हे त्याला आत्ता कळलं. बाना रुसेल, अशी. मधली तार तरी रुसेल. निदान पोटाची चीर चिरचिरेल. दोन वर्षं त्यानं त्याला शेकवलं होतं, पुसलं होतं, उंदरांपासून राखलं होतं. पण बाना रुसला नाही. ज्याच्या मांडीवर होता त्याच्यासाठी तो बोलत होता, जसा मघाशी समारूसाठी बोलला होता, आणि त्याआधी दादासाठी, आणि त्याआधी बापासाठी. त्याला कुणाचंच वाईट वाटत नव्हतं.

पोरानं गळा साफ केला आणि पहिली कथा उचलली. ती सगळ्यांच्या ओळखीची, प्रधानांच्या मूळपुरुषाची. तो गायला:

"सात भावांची शेतं सात, धाकट्याच्या वाट्याला धूळ..."

आणि थांबला.

गज तारेवर टेकलेला, मान वर. हुंकारीची वाट बघत.

साजाखाली कुणी हललं नाही. हुंकारी कुणीही देऊन चालत नाही. जो देतो तो गाणाऱ्याला कबूल करतो, आणि एकदा कबूल केलं की मग मागे येता येत नाही. चैतूनं ओठ घट्ट मिटले. आत्या समारूकडे बघतही नव्हती, झाडाकडे बघत होती. पोराच्या कपाळावर थंडीत घाम आला. ओळ हवेत अडकून राहिली. पुढची ओळ समारूला पाठ होती. धाकटा धूळ मुठीत घेऊन उठतो आणि बान्यासाठी लाकूड शोधायला निघतो. पण धाकटा तिथंच बसून होता, कारण त्याला कुणी उठवत नव्हतं.

कथा अर्धी सोडणं समारूला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

"हं," तो म्हणाला.

पोरानं श्वास सोडला आणि पुढे निघाला. मग सगळं जुन्या वाटेनं गेलं. दुसऱ्या कथेत पोरगं दोन जागी विसरलं. समारूनं तिथं "हं" जरा लांबवला, जरा वर नेला, जसा तो दादासाठी करायचा, आणि पोराला शब्द सापडला. दादा म्हणायचा, समारू, तुझ्या एका हं मध्ये चार ओळी असतात रे. हे दादानं लोकांसमोर मात्र कधी म्हटलं नव्हतं.

कथा संपली तेव्हा ऊन झाडाच्या पलीकडे गेलं होतं. आत्या म्हणाली, झालं ते झालं, बाना गेंदलालच्या घरी जाईल, यंदाची मंगतेरी समारू पोराला घेऊन करेल, आणि चैतू पोती वाहील. चैतू म्हणाला, ते तर माझ्या नशिबातच आहे. रमोतीनवहिनी समारूजवळ आली. तिनं द्रोणात राखून ठेवलेली कोंबड्याची कलेजी त्याच्यापुढे ठेवली. ती नेहमी दादाला मिळायची. समारूनं अर्धी खाल्ली, अर्धी पोराला दिली.

निघताना धनैयानं बाना उचलला आणि गजही. आत्यानं काठीनं त्याचा हात अडवला.

"तो त्याचा. आपला आपण कर. घोडी शोध."

"लाथेची तयारी ठेव," समारू म्हणाला, आणि गज कमरेला खोवला.

सकाळी लमिया उठली तेव्हा समारू खाटेवर बसून भिंतीकडे बघत होता. खुंटीवर गज टांगलेला होता. एकटाच. दोन वर्षांत पहिल्यांदाच पहाटे गोठ्यामागून काही ऐकू आलं नव्हतं, आणि लमिया त्यामुळेच लवकर उठली होती. पण हे तिनं सांगितलं नाही. तिनं चूल पेटवली, पेज चढवली.

"खुंटीवर अर्धंच काय टांगलंय?" ती म्हणाली. "जोडी फुटलेल्या बैलासारखं दिसतं."

"मग काय करू? जाळू?"

"माझ्या भावाच्या बांधावर खिरसारीचं झाड आहे. जुनं आहे, आत पोकळी धरली नसेल तर चांगलं निघेल. तो देईल. मला नाही म्हणायची त्याची हिंमत नाही."

समारूनं तिच्याकडे बघितलं. ती चुलीत फुंकत होती, तोंड दिसत नव्हतं.

"नव्या बान्यात देव नसतो," तो म्हणाला. "तीन पिढ्या पुजावा तेव्हा कुठं येतो. असा बाना ठाकुरांच्या दारात नेता येत नाही. नुसतं लाकूडच ते."

"नसू दे. देव असला की हक्क सांगायला माणसं येतात."

पेज खदखदायला लागली. लमियानं झाकण सरकवलं, मीठ टाकलं, म्हशीला चारा टाकून आली. ती परत आली तेव्हा तो बोलत होता. तिच्याशी का स्वतःशी, ते कळण्यासारखं नव्हतं. म्हणत होता, की फाल्गुनाच्या आत तोडायला हवं, नंतर झाडात पाणी चढतं आणि लाकूड फुटतं. एकाच तुकड्यातून कोरायचं. पोट दादाच्या बान्यापेक्षा खोल ठेवायचं.

तो थांबला, जसं माणूस विचार करायला थांबतो.

"हं," लमिया म्हणाली.

"खोल पोट असलं की आवाज खाली बसतो. आणि मान आखूड. माझा हात काही दादासारखा लांब नाही. अंगठा जिथं पडेल तिथंच खळगा पडला पाहिजे."

"हं."

"कातडं बोकडाचंच, पण..."

तो बोलता बोलता अडला आणि मान वळवली. लमिया वाडग्यात पेज ओतत होती. इतक्या वर्षांत त्यानं दिलेल्या हुंकाऱ्यांना मोजदाद नव्हती, पण त्याला कुणी कधी दिली नव्हती. ती कशी ऐकू येते हे त्याला आज कळलं.

लमियानं वाडगा त्याच्यापुढे ठेवला.

"पुढे?" ती म्हणाली.